स्कॉट्सडेल : सव्वीस नावांची यादी

मार्च महिन्यात व्यापारी माणसाला दुसरे काही सुचत नाही. शिल्लक मालाची मोजदाद, येणे-देणे, वर्षअखेरीचा ताळेबंद यांतच महिना सरतो. कापडाच्या दुकानात चाळीस वर्षे काढली, पण मार्चमध्ये मी कधी गाव सोडले नव्हते. २०२४ साली मात्र मुलांनी किल्ल्या जवळजवळ हिसकावूनच घेतल्या आणि आम्हा उभयतांना अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लेकीकडे धाडले. तेथे गेल्यावर ग्रँड कॅन्यन पाहावे, वाळवंट पाहावे, नातवंडांत रमावे, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात त्या महिन्यात मी सर्वाधिक काळ घालवला तो बेसबॉलच्या मैदानावर. आणि ताळेबंदापासून पळून गेलेल्या माणसाला तेथेही एक ताळेबंदच पाहायला मिळाला.

फिनिक्स हे शहर वाळवंटात वसलेले आहे. हजार वर्षांपूर्वी होहोकाम नावाच्या लोकांनी येथे हाताने कालवे खणून शेती केली. पुढे ते लोक नाहीसे झाले. त्यांच्या कालव्यांच्या खुणांवरून एकोणिसाव्या शतकात नव्या वसाहतकारांनी पाणी खेळवले आणि राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव गावाला दिले. मार्चमध्ये या मुलखाचे रूप सौम्य असते. सकाळी अंगावर पातळ शाल घ्यावी, दुपारी टोपी. संत्र्याच्या झाडांना मोहोर आलेला असतो आणि गल्लीबोळांतून त्याचा गोड वास दरवळतो. गावाबाहेर सग्वारो निवडुंग रखवालदारासारखे उभे दिसतात. या निवडुंगाला पहिली फांदी फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात, असे लेकीने सांगितले तेव्हा मी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून एका झाडाकडे बराच वेळ पाहत राहिलो. ते माझ्याहून थोरले होते.

या सौम्य ऋतूपायीच बेसबॉलचे संघ येथे येतात. अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये तीस संघ आहेत. त्यांपैकी पंधरा फ्लोरिडात सरावाचा तळ ठोकतात आणि पंधरा फिनिक्सच्या परिसरात. फ्लोरिडातील सामन्यांना 'ग्रेपफ्रूट लीग' म्हणतात, येथील सामन्यांना 'कॅक्टस लीग'. फेब्रुवारीच्या मध्यावर प्रथम चेंडू टाकणारे पिचर आणि तो झेलणारे कॅचर हजर होतात, मागोमाग बाकीचे. मार्च संपेपर्यंत रोज दुपारी सामने होतात आणि मग सर्व जण आपापल्या शहरी १६२ सामन्यांच्या हंगामासाठी परततात. पंधरा संघांची दहा मैदाने एकाच महानगराच्या आसपास असल्याने शौकीन माणूस आज मेसा, उद्या पिओरिया, परवा सरप्राईज असा फिरत राहतो. सरप्राईज हे खरोखरच एका गावाचे नाव आहे!

ही परंपरा १९४७ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी क्लीव्हलँडचा संघ टूसॉनला आला आणि न्यूयॉर्कचा जायंट्स संघ फिनिक्सला. क्लीव्हलँडचे मालक बिल व्हीक यांच्या मनात कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेण्याचे होते आणि फ्लोरिडातील वर्णभेद त्यांना नकोसा झाला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी लॅरी डोबी या खेळाडूला मैदानात उतरवले. पुढच्या वसंतात डोबी टूसॉनला आला तेव्हा संघाच्या हॉटेलने त्याला खोली नाकारली. तो एका कुटुंबाकडे राहिला. ज्या गोष्टीपासून दूर जावे म्हणून इतका प्रवास केला, तीच दाराशी उभी होती. न्यूयॉर्कचे जायंट्स नंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेले, पण वसंतातील त्यांचा तळ फिनिक्सच्याच मुलखात राहिला. आज ते फिनिक्सला लागून असलेल्या स्कॉट्सडेल गावात सराव करतात. माझा दहा वर्षांचा नातू याच संघाचा भक्त. कारण त्याचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोजवळचा.

स्कॉट्सडेलचे मैदान गावाच्या ऐन मध्यात आहे. दुकाने, उपाहारगृहे, ग्रंथालय यांच्यामधून चालत जावे आणि समोर मैदान यावे, असे. सुमारे बारा हजार माणसे बसतील एवढेच ते आहे. सीमेपलीकडे हिरवळीचा उतार असून त्यावर चादर पसरून कुटुंबे बसतात. सामना दुपारी एकच्या सुमारास सुरू होतो आणि चारपर्यंत आटोपतो. त्यामुळे दिवस मावळण्याच्या आत घरी पोहोचून जेवण उरकता येते, ही आमच्या दृष्टीने मोठीच सोय. खाण्यासाठी सालीसकट भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. त्या सोलाव्यात आणि टरफले पायाशी टाकावीत, हा तेथील शिष्टाचारच आहे. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी टरफले पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी त्याही सुधारल्या.

एका गोष्टीने मला विशेष बरे वाटले. तिकिटे तपासणारे, जागा दाखवणारे बहुतेक जण केस पिकलेले होते. चौकशी करता कळले की, 'स्कॉट्सडेल चारोज' नावाची स्थानिक व्यावसायिकांची एक सेवाभावी संस्था १९६१ पासून येथे काम करते. सामन्यांचा यजमानपणा तीच सांभाळते आणि त्यातून उभा राहणारा पैसा गावातील शाळा व मुलांच्या कामी लावते. बाजारपेठेने गावाचे काही देणे लागते, ही जाणीव आपल्याच पेठांत आहे असे मानण्याचे कारण नाही.

खेळ मला नातवाने शिकवला. क्रिकेट जाणणाऱ्याला तो अवघड नाही. प्रत्येक संघाला नऊ डाव, प्रत्येक डावात तीनच गडी. पिचरने चेंडू टप्पा न पाडता टाकायचा, फलंदाजाने गोल दांडक्याने फटकवायचा आणि चौकोनाची चारही ठाणी पार करून परत यायचे. परंतु मला खरी गोडी लागली ती त्याच्या गुणपत्रिकेची. तो गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून प्रत्येक फलंदाजासमोरच्या चौकटीत खुणा करी. दांडके चालवूनही बाद झाला तर इंग्रजी 'के' अक्षर. दांडके न हलवता नुसता पाहत उभा राहून बाद झाला तर तेच अक्षर उलटे. मी म्हणालो, "अरे, हा तर रोजमेळ!" सामना संपल्यावर त्याने बेरीज घातली आणि ती जुळली. न जुळती तर तो जागचा उठला नसता. आमच्या घराण्याचा हा गुण सात समुद्र ओलांडून गेला, याचा मला आनंद झाला.

आता एक विलक्षण गोष्ट. या सामन्यांतील हारजीत कोठेच धरली जात नाही. कधी सामना बरोबरीत सोडून सर्व जण घरी जातात. नामांकित खेळाडू दोन-तीन डाव खेळून निघून जातो आणि त्याच्या जागी पाठीवर ऐंशी-नव्वदचा आकडा असलेला कोणी अनोळखी तरुण येतो. मी नातवाला विचारले, "मग ही माणसे इतक्या चुरशीने खेळतात ती कशासाठी?" त्याने खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. त्यावर साठाहून अधिक नावे होती. "आबा, यांतली सव्वीसच राहणार."

तेव्हापासून माझे लक्ष सामन्यावरून त्या कागदावर गेले.

त्याचा हिशेब असा. संघाची मोठी यादी चाळीस जणांची. त्यांचे हक्क संघाकडे राखलेले. त्यांतून प्रत्यक्ष हंगाम खेळणारे सव्वीस, आणि त्यांतही पिचर तेरापेक्षा अधिक घेता येत नाहीत. याशिवाय यादीबाहेरचे वीस-पंचवीस जण सराव शिबिरासाठी बोलावलेले असतात. पाठीवर मोठा आकडा असलेले बहुधा हेच. चाळिसांपैकी ज्या खेळाडूचे 'ऑप्शन' शिल्लक असतील त्याला संघ खालच्या लीगमध्ये पाठवू शकतो. म्हणजे माल आपल्याच दुसऱ्या वखारीत हलवण्यासारखे. पण अशी तीन वर्षे वापरून झाली की ती सवलत संपते. मग त्याला खाली पाठवायचे तर आधी बाकीच्या एकोणतीस संघांपुढे नाव ठेवावे लागते आणि कोणीही त्याला उचलू शकतो. त्यामुळे पुष्कळदा होते असे की, दोघांतला सरस तरुण खाली जातो, कारण त्याला पाठवता येते. आणि दुसरा राहतो, कारण त्याला पाठवले तर तो हातचा जातो. व्यापाऱ्याला हे उमगायला वेळ लागत नाही. ज्याला ते सोसावे लागते त्याला मात्र कसे उमगत असेल, कोण जाणे.

फरक किती पडतो तेही पाहा. २०२४ साली सर्वोच्च लीगमधील किमान वार्षिक वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होते, म्हणजे सुमारे सहा कोटी रुपये. त्याच्या लगेच खालच्या पायरीवर, चाळिसांच्या यादीबाहेर असलेल्या खेळाडूचे किमान वेतन ३५ हजार ८०० डॉलर, म्हणजे सुमारे तीस लाख. तेही २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने करार केला तेव्हा दुपटीने वाढून इतके झाले. सव्वीसावे नाव आणि सत्ताविसावे नाव यांत एवढे अंतर असू शकते. आणि ते कित्येकदा एखाद्या दुपारच्या दोन-तीन संधींवर ठरते.

आम्ही तेथे होतो त्याच दिवसांत संघात मोठी उलथापालथ झाली. जे. डी. डेव्हिस हा 'थर्ड बेस' सांभाळणारा खेळाडू. वेतनाबाबत त्याचा आणि संघाचा वाद लवादापुढे गेला होता आणि फेब्रुवारीत लवादाने त्याच्या बाजूने निकाल दिला : वर्षाचे ६९ लाख डॉलर. पुढे मार्चच्या आरंभी संघाने त्याच जागेसाठी मॅट चॅपमन या अधिक नावाजलेल्या खेळाडूशी तीन वर्षांचा ५ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. एका जागी दोन माणसे झाली. आता यातील बारकावा असा की, आपसांत ठरलेल्या करारातील रक्कम पूर्ण हमीची असते, पण लवादाने ठरवलेली रक्कम हंगाम सुरू होईपर्यंत तशी नसते. सराव शिबिराच्या विशिष्ट तारखेआधी खेळाडूला सोडले तर तीस दिवसांचा पगार द्यायचा, नंतर सोडले तर पंचेचाळीस दिवसांचा. ११ मार्चला संघाने डेव्हिसला सोडले. लवादात जिंकलेल्या ६९ लाखांपैकी त्याच्या हाती सुमारे ११ लाख आले. काही दिवसांत त्याला ओकलंडच्या संघाने २५ लाख डॉलरवर घेतले. त्या संघाचा तळ शेजारच्या मेसा गावातच होता. एका तळावरून दुसऱ्या तळावर जायला मोटारीने फार वेळ लागत नाही.

त्या रात्री जेवताना आमच्या घरी यावर वाद झाला. जावई म्हणाले, नियमाबाहेर काहीच घडलेले नाही. लेक म्हणाली, नियमात बसते ते सगळे बरे असते असे थोडेच? मी गप्प राहिलो. संघाच्या कारभाराची सूत्रे त्या वेळी फरहान झैदी यांच्याकडे होती. पाकिस्तानी मूळ असलेल्या आईबापांचा, कॅनडात जन्मलेला आणि मनिलात वाढलेला हा अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेला गृहस्थ. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. चॅपमन त्या हंगामात उत्तम खेळला. पण सप्टेंबरअखेर खुद्द झैदींनाही संघाने पदावरून दूर केले. यादी करणाऱ्याचेही नाव कोणाच्या तरी यादीत असते.

दुसरी जागा 'शॉर्टस्टॉप'ची. मार्को लुसियानो हा डॉमिनिकन प्रजासत्ताकातून आलेला बावीस वर्षांचा गुणी मुलगा. जागा त्याचीच, असे सर्व जण धरून चालले होते. त्याच्यासमोर निक अहमद. याने शेजारच्याच ॲरिझोना संघात दहा हंगाम काढले, क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' दोनदा मिळवला आणि आदल्या सप्टेंबरात त्या संघाने त्याला निरोप दिला होता. जायंट्सनी त्याला चाळिसांच्या यादीत न घेता नुसते शिबिराला बोलावले होते. उमेदवारीच्या दर्जावर आलेला हा चौतिशीतला माणूस रोज वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर जमिनीवर वाकून चेंडू टिपत होता. शेवटी जागा त्याला मिळाली. लुसियानोला सॅक्रामेंटोला, खालच्या लीगमध्ये पाठवण्यात आले. जुलैमध्ये संघाने अहमदलाही सोडले, ही पुढची गोष्ट. परंतु त्या मार्चमध्ये माझ्यासारख्या साठी उलटलेल्या प्रेक्षकाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या देशातील दोन तरुणांचेही या यादीशी नाते जडले होते. रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू २००८ मध्ये चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. दिनेशला दोन वर्षांनी सोडण्यात आले, रिंकू पुढे काही वर्षे टिकला. पण सव्वीस काय, चाळीस नावांपर्यंतही दोघे पोहोचले नाहीत. चित्रपट निवडीपाशी संपतो. वगळले जाणे त्यानंतर येते.

नातवाच्या कागदाकडे पुन्हा वळतो. सकाळी लवकर गेले तर सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशी मुलांना उभे राहता येते. तेथे ऐंशीच्या पुढचा आकडा असलेल्या एका पिचरने नातवाच्या चेंडूवर सही केली. त्याला नाव विचारले, शाळा विचारली आणि माझ्याकडे पाहून टोपीला हात लावला. चार दिवसांनी तो मुलगा शिबिरातून गेल्याचे कळले. मी पेन्सिल घेतली आणि कागदावरच्या त्याच्या नावावर रेघ ओढू लागलो. व्यापाऱ्याची सवय; खाते मिटले की रेघ. नातवाने माझा हात धरला. "रेघ नको, आबा. तो काही संपला नाही. कुठे गेला ते लिहायचे." आणि नावापुढे त्याने गाव लिहिले. मग पाहिले, त्या कागदावर एकही नाव खोडलेले नव्हते. प्रत्येकापुढे कोठले तरी गाव होते.

मी विचारले, "यांना सांगते कोण?" तो म्हणाला, "मॅनेजर. खोलीत बोलावून, दार लावून, स्वतः सांगतो." मी जावयांकडे पाहिले. त्यांनीही मान डोलावली. येथील रीतच तशी आहे. कितीही नवखा खेळाडू असो, निरोप तोंडी आणि समोर बसवून द्यायचा. तो दिवस मॅनेजरला वर्षातला सर्वांत नकोसा दिवस वाटतो, असे म्हणतात.

त्या रात्री मला झोप आली नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्या दुकानात तयार कपड्यांचा विभाग वाढवला आणि थानातून कापड फाडून देणाऱ्या माणसांची गरज उरली नाही. त्यांतले एक आमच्याकडे बावीस वर्षे होते. गजाची काठी हातात न घेता, नुसत्या हाताच्या वितीने त्यांचे माप चुकत नसे. त्यांना थांबवणे भाग होते. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. पगार, शिल्लक रजा, वर आणखी सहा महिने असा पैन्‌पैचा हिशेब मी केला, पाकिटात घातला आणि मुनीमजींच्या हाती त्यांच्या घरी पाठवला. त्या दिवशी मी मुद्दाम खरेदीसाठी इचलकरंजीला गेलो होतो. दिवाळीत फराळाचा डबा पाठवला, तो तसाच परत आला. नंतर ते आमच्या पेठेतून कधी गेले नाहीत. वळसा घालून जात, असे लोक सांगत.

महिनाअखेर आली तसा स्कॉट्सडेलचा तळ उठला. २८ मार्चला संघाचा पहिला सामना सॅन डिएगोला झाला; तो आम्ही घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. 'थर्ड बेस'वर चॅपमन, शेजारी अहमद. नातवाने कागद पूर्ण केला. सव्वीस नावांपुढे 'सॅन फ्रान्सिस्को' लिहिले आणि तो मला देऊन टाकला.

परत आल्यावर आठव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. एस.टी. स्थानकामागे दोन खोल्या, पुढच्या खोलीत मुलाचे शिवणकामाचे यंत्र. त्यांनी ओळखले, पण "या" म्हणायला थोडा वेळ घेतला. चहा आला. मी जे सांगायला बारा वर्षे उशीर केला होता ते सांगितले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हिशेब बरोबरच होता, मालक. फक्त तुम्ही नव्हता."

मी उत्तर दिले नाही, देण्यासारखे नव्हतेच. काही वेळाने त्यांनीच नातवंडांची चौकशी केली. मी खिशातून तो कागद काढून दाखवला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून एकेक नाव आणि त्यापुढचे गाव मी वाचत गेलो, आणि ते ऐकत राहिले.